कुलपात राहिलेली चावी

१

कपाटाच्या कुलपात चावी लोंबत होती आणि कपाटात फाईल नव्हती.

बाईंनी वरचा कप्पा पाहिला, मग खालचा, मग पुन्हा वरचा. हरवलेली वस्तू तिसऱ्यांदा पाहिल्यानं प्रकट होते असं काही नसतं, पण माणूस पाहतोच. शेवटी त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "गेली."

दारात उभ्या असलेल्या कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. दिसेल तो कागद दुसऱ्या कागदाला टाचायचा म्हणून अख्खं केंद्र त्याला टाचणी म्हणायचं. तो म्हणाला, "बाई, काल संध्याकाळी मी स्वतः आत ठेवली, कुलूप लावलं आणि चावी खिळ्याला अडकवली. सकाळी बघतो तर चावी कुलपात."

आता ही फाईल म्हणजे काय, ते सांगायला हवं. बाईंचं लेथकामाचं प्रशिक्षण केंद्र होतं. लांबलचक शेड, आत ओळीनं उभी यंत्रं, कोपऱ्यात काचेच्या भिंतीचं ऑफिस. नवऱ्यानं उभं केलं आणि अर्ध्यात सोडून तो देवाघरी गेला. 'विका आता, बायकांचं काम नाही हे,' असं सांगणारे पायलीला पन्नास भेटले, पण बाईंनी केंद्र चालवून दाखवलं. अडचण एकच होती. ज्यांना फी परवडते ती पोरं लेथ शिकायला येत नाहीत, आणि लेथ शिकायला येतात त्यांना फी परवडत नाही. सरकारी शिक्षण-मदतीसाठी केंद्र पात्र ठरलं, तर फी वरून मिळणार होती. नाही ठरलं, तर पुढची तुकडी भरणारच नव्हती आणि शेडला टाळं लागणार होतं.

त्या पात्रतेसाठी लागणारे कागद फाईलमध्ये होते. परवाना, अभ्यासक्रमाच्या तासांचा तक्ता, शिकवणाऱ्यांची प्रमाणपत्रं, हजेरी, फी परत करण्याचे नियम. सगळ्यात अवघड कागद म्हणजे इथं शिकलेली पोरं खरोखर कामाला लागली आहेत, असं सांगणारी पाच कारखान्यांची पत्रं. सगळं अस्सल हवं, नक्कल चालत नाही. पडताळणी अधिकारी दुपारी येणार होत्या आणि अर्जाची मुदत आज संध्याकाळी संपत होती.

"कपाटाच्या मुठीला हे अडकवलेलं होतं," टाचणी चाचरत म्हणाला. त्याच्या हातात तेलानं माखलेला एक बोळा होता. असले बोळे केंद्रात एकच माणूस कमरेला खोचून फिरायचा, आणि तो म्हणजे पोरांना लेथ शिकवणारे म्हातारे उस्ताद.

२

बाईंनी पोलिसांना बोलावलं नाही. त्यांनी नणंदेला बोलावलं.

वन्सं हयातभर अशाच फायली तपासणाऱ्या कचेरीत होत्या. निवृत्त झाल्या तरी नजर निवृत्त झाली नव्हती. काल संध्याकाळीच येऊन, सगळ्यांबरोबर चहा घेऊन गेल्या होत्या. रिक्षातून उतरल्या त्या चप्पल घासत थेट कपाटापाशी आल्या.

"कुणी हात लावला नाही ना?"

"टाचणीनं बोळा काढला. चावी तशीच आहे, वन्सं."

वन्संनी चावी काढली, उजेडात धरली, बोटांनी चोळली, बोटं हुंगली. मग बोळा हुंगला. बाईंना त्यांच्या या तपासण्याचा लग्नापासून धाक होता.

तेवढ्यात सल्लागार आला. फाईल तयार करायला बाईंनी नेमलेला हा माणूस. कडक इस्त्री, मऊ बोलणं. बातमी ऐकून तो हळहळला, उजवा हात खिशात ठेवूनच डाव्या हातानं खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "बाई, मी तुम्हाला आधीच म्हणत होतो, उस्तादांना कागदांचा राग आहे. काल चहाच्या वेळी काय म्हणाले आठवतं ना?"

आठवत होतं. 'या कागदांना काडी लावा, पोरांचे हात बघा म्हणावं,' असं उस्ताद सगळ्यांदेखत म्हणाले होते.

"आता डोकं शांत ठेवा," सल्लागार म्हणाला. "मी कचेरीत फोन करून आजची भेट रद्द करायला सांगतो. पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करू."

"पुढच्या वर्षापर्यंत शेड कुठं राहणार आहे?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला आणि त्याची त्यांना लाज वाटली.

वन्संनी सल्लागाराकडे पाहिलं. "फोन करू नका. दुपार व्हायला वेळ आहे. अगं, चहा टाकायला सांग सगळ्यांना, आणि उस्तादांना बोलाव."

पण उस्ताद आले नाहीत. निरोप आला, की ते हातातलं काम सोडून येणार नाहीत, आणि ज्याला चोर म्हणायचंय त्यानं इथं येऊन म्हणावं.

३

दोघी शेडमध्ये गेल्या. उस्ताद एका पोराला झापत होते. लेथवर लोखंड पकडणारा जबडा असतो, त्याला चक म्हणतात. तो आवळायच्या चावीवरून पोराचा हात क्षणभर सुटला होता.

"चावी चकमध्ये आणि हात बाहेर? यंत्र चालू झालं असतं तर चावी कुठं गेली असती? तुझ्या थोबाडात. आज दिवसभर झाडू मार." पोरगं मुकाट्यानं झाडू आणायला गेलं.

"फारच कडक आहात," वन्सं म्हणाल्या.

"याबाबतीत आहे. हिच्या नवऱ्यालासुद्धा झाडू दिला होता मी." उस्ताद बाईंकडे बोट करून वन्संना म्हणाले. "तुमचा भाऊ होता तो. घराच्या दाराला चावी विसरला म्हणून मला येऊन सांगत होता हसत हसत. म्हटलं, दार काय नि चक काय, सवय एकच. माझ्या हाताखालचा माणूस कुलपात चावी सोडत नाही."

"काल शेड कुणी बंद केली?"

"मी. टाचणी हात धुवायला गेला होता, सल्लागार चष्मा विसरला म्हणून परत आत आला. मी इकडे दिवे घालवत होतो. आता लावा हिशेब. तिघांपैकी कुणीही असेल, आणि बोळा माझा आहे. माझा बोळा काल चहाच्या बाकावर राहिला होता, पण ते तुम्ही कशाला मानाल?"

म्हाताऱ्यानं पाठ फिरवली आणि हातानंच यंत्र पुसायला घेतलं. बाईंना ते बघवलं नाही. त्या मागच्या दाराकडे वळल्या. तिथं लोखंड-पितळेच्या किसाची पिंपं ठेवलेली असायची. लेथवर धातू कापला की त्याची वेटोळी निघतात, तो कीस. लोखंडाचा वेगळा, पितळेचा वेगळा. भंगारवाला आज यायचा होता, म्हणून पिंपं काठोकाठ भरून दाराशी आणून ठेवली होती. पितळेच्या पिवळ्या किसावर दोनचार काळपट वेटोळी पडलेली त्यांना दिसली. उस्तादांच्या राज्यात असं कधी होत नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि गेलं. डोक्यात फाईलच होती.

परत ऑफिसात चहा आला होता. टाचणीच्या अंगठ्याला पट्टी होती. वन्संनी विचारलं तर तो ओशाळून म्हणाला, "स्टेपलर. महिन्यातून एकदा तरी होतंच."

"आणि तुमचं हो?" वन्संनी सल्लागाराला विचारलं. तो डाव्या हातानं कप धरून होता आणि चहा बशीत सांडत होता. नाइलाजानं त्यानं उजवा हात बाहेर काढला. चार बोटांना चार पट्ट्या.

"गाडीच्या दारात सापडली."

"अरेरे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, या फाटकावर जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासतात ना?"

"पिशव्या, खिसे, सगळं. पितळेचा तुकडासुद्धा बाहेर जाऊ देत नाही पहारेकरी. मलाही सोडत नाही."

"मग फाईल बाहेर गेलेलीच नाही. आणि तुमचा भंगारवाला कधी येणार?"

बाहेरून ट्रकच्या इंजिनाचा आवाज आला. टाचणीनं खिडकीतून पाहिलं. "आला काय, चालला तो. पिंपं चढवून झाली."

४

बाई कधी धावल्या नव्हत्या. लग्नात नाही, बाळंतपणात नाही. आज साडी वर खोचून त्या शेडच्या मधून धावल्या आणि यंत्रांवरची पोरं माना वळवून बघत राहिली. ट्रक फाटकाबाहेर नाक काढत होता. बाई जाऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"उतरवा सगळं."

"बाई, वजन झालंय, पावती झालीय."

"उतरवा म्हणते ना. पितळेचं आधी."

उस्ताद आकडा घेऊन मागून आले. लोखंडी दांडीला वाकडं टोक, कीस ओढायला. पिंप आडवं झालं, पिवळ्या वेटोळ्यांचा ढीग पसरला, त्यात लोखंडाची काळपट वेटोळीही होती. आकडा दोनदा फिरला, तिसऱ्यांदा कशाला तरी अडकला. उस्तादांनी ओढलं आणि निळ्या पुठ्ठ्याची फाईल, नाडीसकट, बाहेर आली.

टाचणी रडायलाच लागला. बाईंनी फाईल छातीशी धरली. तेल, कीस, काही बघितलं नाही.

"सापडली ना? झालं तर मग," सल्लागार मागून म्हणाला. "ज्यानं लपवली त्याला माफ करून टाका, बाई. म्हातारं माणूस आहे."

"थांबा," वन्सं म्हणाल्या. त्या धापा टाकत आत्ता पोचत होत्या. "माफ कुणाला करायचं ते ठरू दे की आधी."

५

वन्सं भंगारवाल्याच्या रिकाम्या पिंपावर टेकल्या. पोरं यंत्रं थांबवून गोळा झाली होती.

"पहिली गोष्ट," वन्सं म्हणाल्या. "मुठीला तेलकट बोळा आणि चावी कोरडी ठणठणीत. तेलकट हातांनी कपाट उघडलं असतं तर चावीला तेल लागलं असतं. म्हणजे बोळा नंतर कुणी तरी आणून लावला, उस्तादांवर आळ आणायला. दुसरी गोष्ट, चावी कुलपातच राहिली. पावलं ऐकू आली असतील, घाईत सोडून गेला. इथल्या कुठल्याही पोराला विचारा, मरेल पण चावी सोडणार नाही. उस्तादांबद्दल तर बोलायलाच नको."

"मी इथंच दोनदा झाडू मारलाय त्यापायी," टाचणी नाक पुसत म्हणाला. पोरं हसली.

"म्हणून तूही नाहीस. शिवाय भंगाराची पावती तू करतोस. लोखंड मिसळलं की पितळेचा भाव पडतो हे तुला ठाऊक. लपवणाऱ्यानं अंधारात दोन्ही पिंपांतला कीस ओंजळीनं परत भरला. आणि तिसरी गोष्ट हीच, ओंजळीनं. उस्ताद, किसात हात कोण घालतं?"

"शहाणा कुणी घालत नाही. ब्लेडच असतात ती. म्हणून तर आकडा."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. सल्लागारानं हात खिशात घातला, पण आता उशीर झाला होता.

"वा," तो म्हणाला. "स्वतः बनवलेली फाईल मी स्वतः चोरीन? कशासाठी?"

"ते मलाही कळत नव्हतं," वन्सं म्हणाल्या. "मग कालचा चहा आठवला. मी बोलता बोलता म्हटलं, कारखान्याच्या पत्रावरचा फोन नंबर आमची कचेरी कधी फिरवत नाही, आम्ही थेट कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहायचो. त्यावर तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात. चष्मा विसरलात. अगं, ती पाच पत्रं दे इकडे."

बाईंनी फाईल उघडली. वन्संनी पहिल्या पत्रावरचा नंबर फिरवला. असा नंबर अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. त्यांनी दुसऱ्या पत्रावरचा फिरवला.

सल्लागाराच्या बॅगेत फोन वाजू लागला.

फोन वाजत राहिला आणि तो बंद करायला सल्लागाराची पट्ट्या बांधलेली बोटं बॅगेच्या चेनशी झटापट करत राहिली.

"नुसती पत्रं काढली असती तर बोट तुमच्याकडेच आलं असतं, ती तुम्हीच आणली होती म्हणून," वन्सं म्हणाल्या. "म्हणून सबंध फाईल भंगाराबरोबर वितळायला भट्टीत घालायला निघालात."

"मी यांचंच काम सोपं करत होतो," सल्लागार फणकारला. "शिकून गेलेली पोरं कुठं कुठं पांगली, ती हुडकत कोण फिरणार? बाईंकडे एक तरी कागद होता का?"

पहारेकऱ्यानं त्याचे खिसे, बॅग सगळं तपासलं आणि मगच त्याला फाटकाबाहेर काढलं. पण बाईंच्या हातात ती पाच खोटी पत्रं होती, आणि अधिकारी यायला थोडाच वेळ उरला होता.

६

"लावून द्या तशीच," टाचणी हळूच म्हणाला. "त्यांना काय कळतंय."

"कळेल," वन्सं म्हणाल्या. "आणि नाही कळलं तरी नाही लावायची. नियमात एक वाट आहे. कारखान्याच्या माणसानं अधिकाऱ्यासमोर येऊन जबाब दिला आणि सही केली, तर तो पत्राहून पक्का धरतात. पण एवढ्यात कोण येणार? आणि पोरं आहेत कुठं, हे माहीत कुणाला?"

"मला," बाई म्हणाल्या.

सगळे बघत राहिले. बाईंनाही स्वतःचं नवल वाटलं. सल्लागारानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाई, तुमच्या तोंडच्या माहितीला किंमत नाही, कागद लागतो. त्यांनी ते निमूट मानलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोराला पहिला पगार झाला की फोन बाईंना यायचा. लग्न ठरलं, कारखाना बदलला, मालकाशी भांडण झालं, फोन बाईंनाच. कोण पंपाच्या कारखान्यात आहे, कोण बोटीच्या इंजिनांवर, कोणाचा फोरमन तापट आणि कोणाचा देवमाणूस, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

त्यांनी फोन उचलला. "अरे, मी बाई बोलतेय. जेवणाच्या सुट्टीत ये. फोरमनला घेऊन ये. का ते मग सांगते." ठेवला, दुसरा लावला. मग तिसरा. कुणी का म्हणून विचारलं नाही.

अधिकारी आल्या त्या ठरल्या वेळी. तरुण, चहाला नको म्हणणाऱ्या, पेन हातात घेऊनच बसणाऱ्या. वन्सं बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. "मी आत येणार नाही," त्या म्हणाल्या. "माझी ओळख मध्ये नको. तुझं तू कर."

बाईंना वाटलं, आपल्याच्यानं होणार नाही. मग त्या आत गेल्या.

परवाना झाला. तासांचा तक्ता झाला. प्रमाणपत्रं, हजेरी, फीचे नियम, सगळं पान पान उलटून झालं. अधिकारी म्हणाल्या, "आणि नोकरीचा पुरावा?"

बाईंनी पाचही पत्रं टेबलावर ठेवली. "ही खोटी आहेत. आमच्या सल्लागारानं केली, आम्हाला आजच कळलं. मी ती तुमच्या ताब्यात देते. याची काय कारवाई असेल ती करा."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "हे तुम्ही स्वतःहून सांगताय? मग माझ्यापुढे पुरावा काय उरला?"

"खिडकीतून बघता का जरा?"

फाटकातून माणसं येत होती. निळ्या डगल्यात, खाकी डगल्यात, कुणाच्या गालावर अजून काळं. एकजण जेवणाचा डबा हातात घेऊनच आला होता. एका मुलीबरोबर तिचा पांढऱ्या केसांचा मालक होता, तो शेडमध्ये शिरताच यंत्रांकडे निरखून बघायला लागला. पहारेकरी पहिल्यांदाच आत येणाऱ्यांना सलाम ठोकत होता. उस्ताद दारात उभे राहून एकेकाची पाठ थोपटत होते आणि डोळे पुसायला बोळा शोधत होते.

अधिकारी उठून बाहेर आल्या. एकेकाला विचारलं, काय काम करतोस, कधी लागलास, कुणाच्या हाताखाली. फोरमन लोकांची ओळखपत्रं पाहिली, जबाब लिहिले, सह्या घेतल्या. पांढऱ्या केसांचा मालक सही करता करता म्हणाला, "ही पोरगी आली तेव्हा मी म्हटलं, बघू चार दिवस. आता माझ्या मुलाला शिकवते. अजून दोघी असतील तर पाठवा, बाई."

टाचणीनं शेवटचे कागद टाचले. अधिकाऱ्यांनी शिफारशीचं पान काढलं, लिहिलं, शिक्का मारला आणि अर्ज मुदतीत पोचल्याची पावती स्वतःच्या हातानं फाडून दिली.

"केंद्र मदतीला पात्र आहे, अशी शिफारस केलीय," त्या म्हणाल्या. "माझ्या शिफारशी परत आलेल्या नाहीत आजवर. आता चहा घेते मी."

शेडमध्ये जो गलका उठला त्यानं पत्र्यावरची कबुतरं उडाली. कुणीतरी यंत्र चालू केलं, मग दुसरं, मग ओळीनं सगळी. जुनी पोरं आपापल्या जुन्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिली. बाई वन्संपाशी गेल्या, त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या आणि मनसोक्त रडल्या. वन्संनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "पुरे आता. पाटी कोण रंगवणार?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी पाटी स्वतः रंगवली. फाटकावर, शिडी लावून, उस्तादांच्या सूचना न ऐकता. 'नवी तुकडी. शिक्षण-मदतीची शिफारस झालेलं केंद्र.' शेवटचं अक्षर ओलं होतं तेव्हा खाली एक बाई येऊन थांबली. पाठीमागे तिची मुलगी होती, उंच, आईच्या आड लपणारी. दोघींनी पाटी वाचली, मग आपसात काहीतरी कुजबुजल्या.

"इथल्या मॅडम तुम्हीच का?" त्या आईनं विचारलं.

बाईंनी ब्रश डब्यात ठेवला आणि शिडीवरून खाली उतरल्या. "हो, मीच."

"हिला यंत्रं आवडतात. पण आमच्याकडे फीला काही नाही."

"ते मी बघते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मुलीसाठी फाटक उघडलं.